काळा बॉल आणि मामांचा चहा

माझ्या धाकट्या जावेवर मी पाच-सहा महिने जळत होते. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? चांगली बेचाळीस वर्षांची बाई मी, दोन पोरांची आई, आणि रोज दुपारी पोटात दुखायचं. तेही दागिन्यावरून नाही, साडीवरून नाही. एका कपभर चहावरून. कपभर कसला, अर्ध्या कपावरून.

पण तो चहा कुणाच्या हातचा होता ते आधी सांगायला पाहिजे.

मंगळवेढ्याहून लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा आमच्या घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालायचे. दिवसभर खटखट, खटखट. जेवताना मीठ पाहिजे असलं तरी हातानं खूण करायची. दुपारी लाइट गेली की सगळं एकदम गप व्हायचं आणि मामा शेडमधून घरात यायचे. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्यात सासऱ्याला मामाच म्हणतात. हातपाय धुवायचे, कॅरम मांडायचे, त्यावर पावडर टाकायचे. मामा, आमचे हे आणि माझा धाकटा दीर, असे तिघं. चौथं माणूस कायम कमी. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती, सोंगट्या बडवून पोट भरतंय का म्हणायच्या.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. मामांनी मान वर न करताच विचारलं, येतं का गं? मी म्हणलं, येतं थोडं. थोडं! चार भावांत वाढलेली मी. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावांनी मला जेवायला उठू दिलं नव्हतं असले डाव खेळलेले. हात पुसले, पदर खोचला, बसले, आणि पहिल्याच बोर्डाला राणी घेऊन तिच्यावर कव्हरपण टाकलं. मामांनी तेव्हा मान वर केली आणि म्हणाले, ही इथून पुढं माझ्या समोर बसंल. कॅरममध्ये जोडीदार समोरासमोर बसतो. नवऱ्याच्या समोर नाही, दिराच्या समोर नाही, मी मामांची जोडीदार झाले.

आणि चहाचं म्हणाल तर तो घरचा नियम होता. मामा एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हातानं घ्यायचे नाहीत. पण ज्याच्या हातून शेवटची सोंगटी जाईल त्याला मामा स्वतः चहा करून द्यायचे. आलं ठेचून, साखर डोळे मिटून टाकून. काठोकाठ भरलेला कप बशीत ठेवून आणायचे आणि म्हणायचे, "घे, कमावलास."

घरची थोरली सून मांडी घालून खाली बसलेली आणि सासरा वाकून तिच्या हातात चहा देतोय. आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर माझ्याच अंगावर आलं असतं. माझ्या आईचासुद्धा विश्वास बसला नाही. दिवसाकाठी दहा वेळा मी लोकांना चहा करत होते, आलेल्याला, गेलेल्याला, मागावरच्या माणसांना. मला हातात चहा मिळायचा तो तेवढाच. अशी एकोणीस वर्षं काढली मी. कुणी काही बोललं, काही मनाला लागलं, तर मनातल्या मनात म्हणायची, बोला काय बोलायचं ते, दुपारी मामा चहा देणार हायत.

पुढं मागाच्या धंद्यात राम राहिला नाही. एकेक करून माग गेले, सासूबाईपण गेल्या, शेड रिकामं पडलं. दिरानं तिथं पूलची दोन टेबलं आणून टाकली. तेच, हिरव्या कापडाचं, सहा भोकांचं, लांब काठीनं बॉल मारायचं. वर दिवे लावले, एसी बसवला, संध्याकाळी कॉलेजची पोरं यायला लागली. मामा दोन महिने त्या दाराकडं फिरकले नाहीत. मग एक दिवस दीर जेवताना कुरकुरला, बॉल आपोआप एका अंगाला सरकतोय, गिऱ्हाईक नावं ठेवतंय. मामांनी तीन दिवस ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी सपाटी बघायची पाणसळ घेऊन गेले, टेबलाखाली शिरले आणि मागाच्या पायाला लावायचे तशा पुठ्ठ्याच्या घड्या लावल्या. वर येऊन बॉल मधोमध ठेवला. जागचा हलला नाही. मामा त्याच्याकडं बराच वेळ बघत उभे होते.

त्याच सुमाराला धाकटी घरात आली. अक्कलकोटची, माहेरी कानडी बोलणारी, इंजिनियर. तिचं कॉम्प्युटरवरचं काम घरूनच असायचं, तेही दुपारी चारनंतर सुरू. कॉलेजच्या होस्टेलात पूल खेळून हात तयार झालेला. मला अक्का म्हणायची, कधी उलटून बोलली नाही, भाकरी जमत नव्हती तर माझ्याशेजारी बसून शिकली. वाईट असती तर बरं झालं असतं. जळायला तरी काही कारण मिळालं असतं.

एक वर्ष सगळं ठीक चाललं. मग एका उन्हाळ्यात, दुपारची जेवणं झाल्यावर मी नेहमीसारखा कॅरम मांडला. पावडर टाकली, सोंगट्या लावल्या, बसले. मामा पायात चपला घालूनच आले आणि म्हणाले, आज राहू दे, जरा टेबलावर जाऊन येतो.

ते जरा काही संपलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवसांनी कॅरम कपाटामागं गेला.

मी बघायला गेले. नाही म्हणायची नाही, चोरून बघायला गेले. वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं शेडच्या खिडकीशी उभी राहिले. मामा आणि धाकटी, दोघंच. तिनं शेवटचा काळा बॉल टाकला. काठी भिंतीला लावून मामा कोपऱ्यातल्या मोरीवजा स्वयंपाकघरात गेले. खडूचे हात धुवायला तीपण आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन खुर्चीत बसली, आणि मागून मामा आले, कपबशी घेऊन.

"घे, कमावलास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं वाक्य होतं ते. एवढंच एक समाधान होतं की कप अर्धाच होता. मी मनात म्हणलं, बरं झालं, मला काठोकाठ मिळायचा, हिला अर्ध्यावरच भागवतायत. असल्या गोष्टीवर माणूस खूश होतं, काय सांगू.

त्यानंतर मला जिकडंतिकडं तीच दिसायला लागली. मामा भात चमच्यानं खायला लागले. मी म्हणलं, आली हिची फॅशन. जन्मभर बटणाचा पांढरा शर्ट घातलेला माणूस, तिनं टी-शर्ट आणून दिले तर रोज तेच घालायला लागला. मी आमच्या ह्यांना म्हणलं, सत्तरीत टी-शर्ट, उद्या हाफपँट घालतील. हे म्हणाले, तुला काय करायचंय, आनंदात हायत ना म्हातारपणी? आनंदात होते हेच तर दुखणं होतं.

मग एक दिवस मामाच म्हणाले, तू पण ये की खेळायला. मी चार वेळा नाही म्हणलं आणि पाचव्यांदा केस विंचरून गेले.

आता खेळाचं सांगते. मला वाटलं, कॅरमच आहे की, नुसतं उभं राहून खेळायचं. नेम तर माझ्या हातातच होता, बॉल जायचे. पण सगळ्यात सोपा बॉल मला जाईना. अगदी भोकाच्या तोंडावर बसलेला, आत पडायला टेकलेला बॉल. असली सोंगटी कॅरममध्ये आली की हात आपोआप हलका होतो. स्ट्रायकर नुसता टेकवायचा. सोंगटी पडते, स्ट्रायकर पावडरीवर घसरत येतो आणि जागच्या जागी थांबतो. जोरात मारलं तर स्ट्रायकरपण तिच्यामागं आत जातो, हे मी पोरांनासुद्धा शिकवलेलं. मी इथंही तसंच केलं. काठी हळूच टेकवली. बॉल पडला आणि त्याच्यामागं पांढरा बॉलही, म्हणजे इथला स्ट्रायकर, सावकाश गडगडत गेला आणि पडला. पांढरा पडला की चूक धरतात, पाळी समोरच्याची.

मला वाटलं जोर जास्त झाला. पुढच्या वेळी अजून हळू मारलं. परत पडला. अजून हळू. परत. पांढरा तेवढ्याच निवांतपणे जायचा आणि भोकात दिसेनासा व्हायचा. धाकटी जवळ आली आणि सांगायला लागली की अक्का, स्ट्रायकर घसरतो पण बॉल घरंगळतो, हळू मारला की तो... मी तिला तिथंच तोडलं. तू शाळेत जात होतीस तेव्हापासून माझा हात चालतोय, मला नको शिकवू. ती मागं सरली. मामा काठीला खडू लावत राहिले. मी परत गेले नाही.

मग खंडेनवमी आली. माग होते तेव्हा त्या दिवशी शेड बंद असायचं. माग पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नैवेद्य, आणि जेवणं झाली की कॅरमचा मोठा डाव. त्या दिवशी सगळं घर बघायला बसायचं आणि मी मामांच्या समोर. एकोणीस खंडेनवम्या. धाकटी घरात आली त्या वर्षी कुणाचंतरी सुतक होतं, त्यामुळं डाव झाला नव्हता. या वर्षी पूजेला पूलच्या काठ्या मांडल्या होत्या, टेबलांना माळा घातल्या होत्या. मी कपाटामागचा कॅरम काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि काठ्यांच्या शेजारी नेऊन ठेवला. कुणी हसलं नाही. मामांनी वाकून कॅरमलाही कुंकू लावलं. मला वाटलं, कळलं त्यांना. आज मला बोलावणार.

जेवणं झाली, सगळे शेडमध्ये जमले. कॅरम पूजेतच राहिला. मामा म्हणाले, धाकटी माझ्याकडं, थोरली तिकडं. तिकडं म्हणजे दिराकडं. सगळ्यांच्या देखत. माझ्या कानशिलात भडकावली असती तरी एवढं लागलं नसतं. मी काठी उचलली आणि ठरवलं, आज ह्या दोघांना हरवल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही.

आणि खेळलेपण तशीच. दीर रोजचा खेळणारा, माझा नेम घट्ट. एकेक करत आमचे सगळे बॉल गेले, उरला काळा. शेवटी काळा टाकायचा असतो. तो पडला की डाव आपला, पण त्याच्याबरोबर पांढरा पडला तर जिंकलेला डाव हरला. माझी पाळी आली तेव्हा काळा कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडावर बसलेला, आणि पांढरा त्याच्यापासून हात-दीड हातावर, अगदी नाकासमोर. दीर म्हणाला, वहिनी, फुंकर मारली तरी पडतोय.

मला मामा दिसत होते, टेबलाच्या पलीकडं. एकोणीस वर्षं बसायचे तसे समोर. मी मनात म्हणलं, बघाच आता.

धाकटी टेबलाला वळसा घालून माझ्याशेजारी आली. ती समोरच्या बाजूची, तिनं खरं तर मी चुकायची वाट बघायची. ती हळूच म्हणाली, "अक्का, हळू नका मारू. पांढऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि एकदम ठोसा."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "तू मामांची जोडीदार ना? मग तिकडं उभी राहा."

ती तिकडं जाऊन उभी राहिली. मी वाकले आणि जन्मात मारला नसेल इतका हळू मारला. काळा पडला. दीर टाळी वाजवायला लागला आणि मधेच थांबला. पांढरा माझ्या डोळ्यांदेखत भोकापर्यंत गेला, काठावर क्षणभर थांबल्यासारखा झाला, आणि पडला.

आमचे हे पेढ्याचं ताट घेऊन उगाच सगळ्यांपुढं फिरले. मामा काठी ठेवून कोपऱ्यातल्या स्वयंपाकघरात गेले, मागोमाग धाकटी गेली. आता तो चहा येणार, सगळ्यांसमोर, सणाच्या दिवशी. माझ्यानं राहवलं नाही. मी सरळ त्यांच्यामागं गेले. आज विचारायचंच होतं, माझं काय चुकलं म्हणून.

दार ढकललं तर गॅसपुढं धाकटी उभी होती. तीच आलं ठेचत होती, तीच साखर टाकत होती. मामा बाजूला उभे होते, रिकामी कपबशी दोन्ही हातांत धरून, आणि कप बशीवर किणकिण वाजत होता.

धाकटीनं मामांकडं बघितलं. मामांनी कपबशी ओट्यावर ठेवली आणि उजवा हात माझ्यापुढं धरला. अंगठ्याखाली तर्जनी दाबली, स्ट्रायकर मारायला दाबतात तशी, आणि सोडली. बोट उडालंच नाही. जागच्या जागी थरथरलं आणि वाकडंच राहिलं.

"उडत न्हाई गं आता," मामा म्हणाले. "लायटर दाबत न्हाई, बटण लागत न्हाई. काठी मुठीत धरली की चालतंय."

मी म्हणलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या समोर बसायचं म्हंजे तसं खेळाय पायजे की. तू रोज माझ्या बोटापायी हरली असतीस. ते मला बघवलं नसतं."

धाकटीनं मग खाली बघतच सांगितलं. टेबलावर खेळायला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच मामांना लायटर दाबता येईना, तेव्हा तिला कळलं होतं. डॉक्टरकडं तीच घेऊन गेली. सांध्याचं आहे, फार फरक पडायचा नाही म्हणाले. मामांनी तिच्याकडून शपथ घेतली होती, कुणाला सांगू नको, थोरलीला तर मुळीच नको. तेव्हापासून रोजचा चहा तीच करायची आणि बाहेर जाऊन बसायची. तिनं स्वतः केलेला चहा मामा तिलाच आणून द्यायचे, कारण चहा देणं त्यांना सोडवत नव्हतं.

मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली, खोटं कशाला सांगू, मान वर होईना. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते सगळ्यात जास्त जळत होतं. एकोणीस वर्षं ते बोट मी समोर बसून बघितलं. कुठल्या सोंगटीला किती वाकतं ते मला पाठ होतं. ते थांबलं तेव्हा मी टी-शर्टला नावं ठेवत होते, आणि हिला आठ दिवसांत दिसलं. हेवा वाटायचाच होता तर तो ह्याचा वाटायला पाहिजे होता, आणि आता वाटत होता.

मी धाकटीला म्हणलं, "चल. तो ठोसा दाखव मला."

तिनं चहा कपात गाळून ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. तिनं काळा भोकाच्या तोंडावर ठेवला आणि पांढरा समोर, तेवढ्याच अंतरावर. काठीचं टोक पांढऱ्याच्या मधल्या रेघेखाली, पार कापडाजवळ नेऊन ठेवायला लावलं. म्हणाली, जोर फार नको, पण मिळमिळीतपण नको, मारून थांबायचं. माझा हात नाही नाही म्हणत होता. मी डोळे बारीक केले आणि मारलं. टक्क. काळा आत गेला. पांढरा जिथं लागला तिथंच उभा राहिला, मामांनी टेबल समतल केल्यावर ठेवला होता तसा.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. मामा कपबशी घेऊन निघाले. पंचवीस पावलं असतील ती, दोन्ही टेबलांना वळसा घालून. मी पुढं होऊन घ्यायला पाय उचलला, तर धाकटीनं माझं मनगट धरलं आणि खुर्चीकडं मान हलवली. हेपण तिलाच माहीत होतं. मी बसले. हात मांडीवर ठेवले आणि सगळं घर बघत असताना त्यांना पूर्ण वाट चालू दिली.

मामा माझ्यापुढं येऊन थांबले, वाकले.

"घे, कमावलास."

कप अर्धाच भरलेला होता, आणि बशीत एक थेंबही सांडला नव्हता.